सेवामंडळांतील रिकाम्या खुर्च्या

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एखाद्या सेवामंडळाची पाटी दिसल्यावाचून राहत नाही. कुठे ती रोटरी किंवा लायन्स क्लबची असते, कुठे तरुण मंडळाची, कुठे महिला मंडळाची, तर कुठे वाचनालयाला जोडून निघालेल्या एखाद्या सेवा समितीची. पाटीवर नोंदणी क्रमांक असतो, स्थापनेचे वर्ष असते. दप्तरातील यादीत साठसत्तर सभासदांची नावे असतात. मासिक सभेला मात्र सातआठ माणसे जमतात आणि तीही बहुधा तीच ती असतात. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना निघते तेव्हा तिच्या शेवटी एक ठरीव वाक्य असते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. सभासद येणार नाहीत हे सूचना लिहितानाच गृहीत धरलेले असते आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नाही.

सभासदांची ही गळती वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. एखाद्या मंडळाचे नेत्रतपासणी शिबिर यंदा झाले नाही म्हणून समाजाचा गाडा थांबत नाही. तथापि या मंडळांकडे केवळ सेवेची केंद्रे म्हणून पाहणे अपुरे आहे. सामान्य माणूस सार्वजनिक काम पहिल्यांदा शिकतो ते येथेच. सभेत उभे राहून बोलणे, विरोधी मत ऐकून घेणे, इतिवृत्त लिहिणे, लोकांच्या पैशाचा जमाखर्च चार लोकांपुढे मांडणे, बहुमताने ठरलेली गोष्ट मनाविरुद्ध असली तरी पार पाडणे, या सवयी पुस्तके वाचून लागत नाहीत. मंडळ ओस पडले की ही शाळा बंद पडते. आणि तिची जागा रिकामीही राहत नाही. स्थानिक पुढाऱ्याच्या पैशावर उभे राहिलेले, त्याच्या छायाचित्राच्या फलकाखाली वावरणारे, वर्गणी नसलेले आणि म्हणून हिशेबही नसलेले नवे मंडळ तेथे येऊन बसते. त्याला सभासद लागत नाहीत, बोलावल्यावर येणारी गर्दी पुरते. म्हणून रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न कार्यकर्त्यांनी गंभीरपणे विचारात घेण्यासारखा आहे.

वेळेची सबब

गळतीचे कारण विचारले की पहिले उत्तर ठरलेले असते. लोकांना आता वेळ नाही. नोकरीच्या गावी जाण्यायेण्यात दिवस जातो, मुलांच्या शिकवण्या असतात, उरलेला वेळ भ्रमणध्वनी खातो. यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण ज्यांना मासिक सभेसाठी दोन तास मिळत नाहीत, त्यांतलेच अनेक जण गणेशोत्सवाचे दहा दिवस रात्री जागवतात, गावच्या जत्रेसाठी रजा टाकून येतात, नातेवाइकाच्या लग्नात चार दिवस राबतात. तेव्हा वेळेचा तुटवडा हे कारण खरे असले तरी ते पुरेसे नाही.

हा अनुभव केवळ महाराष्ट्राचा नाही. अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९९५ साली एका लेखात आणि २००० साली ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथात तेथील मंडळांच्या ओहोटीची चिकित्सा केली. त्यांचे एक उदाहरण बोलके आहे. १९८० ते १९९३ या काळात बोलिंगचा खेळ खेळणाऱ्या अमेरिकनांची संख्या सुमारे १० टक्क्यांनी वाढली, पण संघ करून नियमाने खेळणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांनी घटले. म्हणजे खेळायला वेळ होता, एकत्र बांधून घेण्याची तयारी उरली नव्हती. वेळेच्या टंचाईला पुटनम यांनी कारणांमध्ये लहानच स्थान दिले. पिढीपिढीतला बदल आणि दूरचित्रवाणी यांचा वाटा त्यांच्या मते कितीतरी मोठा होता. त्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. ज्यांचे सदस्यत्व म्हणजे वर्षाकाठी एक धनादेश पाठवणे, अशा संस्था वाढत होत्या. त्यांच्या सभासदांची एकमेकांशी कधी गाठही पडत नसे.

आपल्याकडील मंडळांत आता अशाच कागदी सभासदांची भर पडते आहे. वर्गणी भरली, भ्रमणध्वनीवरील समूहात नाव नोंदले, कार्यक्रमाच्या छायाचित्राखाली अंगठ्याचे चिन्ह उमटवले, की सदस्यत्व पार पडले असे मानले जाते. अशा सभासदाने उद्या अंगठा उमटवणे थांबवले तरी मंडळात काही अडत नाही. खरे दुखणे येथे आहे. आपल्यावाचून काही अडत नाही हे ज्याला एकदा कळते, तो फार दिवस थांबत नाही. तो भांडून जात नाही, राजीनामा देत नाही. तो फक्त यायचा थांबतो.

शिकागोचे चौघे

रोटरीचा आरंभीचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात चार जण एकत्र जमले: वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्वेस्टर शील, खाण अभियंता गुस्तावस लोअर आणि शिंपीकामाचा व्यवसाय करणारे हायरम शोरी. सभा एकेका सभासदाच्या कामाच्या जागी पाळीपाळीने भरवायची असे ठरले आणि या पाळीवरूनच संस्थेला रोटरी हे नाव मिळाले. आज जगभर पसरलेल्या या संस्थेच्या चार संस्थापकांपैकी लोअर आणि शोरी हे दोघे थोड्याच वर्षांत तिच्यातून बाहेर पडले. गळतीची चिंता करणाऱ्या प्रत्येक चिटणिसाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. गळती संस्थेच्या जन्माबरोबरच येते. प्रश्न राहतो तो उरलेले कशामुळे राहतात हा.

प्रारंभी हा क्लब परस्परांच्या धंद्याला हातभार लावण्यासाठी होता. एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यायचा आणि एकमेकांना गिऱ्हाइके मिळवून द्यायची, असा हिशेब होता. १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासद होण्याचे आमंत्रण मिळाले तेव्हा त्याने नकार दिला. ज्या मंडळाला आपल्या सभासदांच्या फायद्यापलीकडे कसलेही प्रयोजन नाही, त्याला भवितव्य नाही, असा त्याचा आक्षेप होता. क्लबच्या चालकांचा मोठेपणा असा की त्यांनी आक्षेप घेणाऱ्यालाच आत घेतले आणि उद्दिष्टे सुधारण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. त्यानंतर क्लबने हाती घेतलेले पहिले मोठे सार्वजनिक काम म्हणजे शिकागो शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी केलेली खटपट.

पुढे संस्था वाढली तसे हजेरीचे नियम कडक झाले. लागोपाठ चार सभांना विनाकारण गैरहजर राहणाऱ्याचे सदस्यत्व संपुष्टात येई. एका गावची सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात हजेरी लावून ती भरून काढण्याची सोय होती. दीर्घकाळ हे नियम संस्थेची ओळख होऊन बसले होते. तरीही २०१६ साली संस्थेच्या विधिमंडळाने सभा किती व्हाव्यात आणि हजेरी किती असावी हे ठरवण्याची बरीच मोकळीक स्थानिक क्लबांना दिली. शतकभराच्या अनुभवानंतर हे पाऊल उचलावे लागले, यातून एक बोध घेता येतो. हजेरीपुस्तक माणसाला खुर्चीपर्यंत आणू शकते, त्याला कामात गुंतवू शकत नाही.

उलटपक्षी त्याच संस्थेने १९८५ साली पोलिओ निर्मूलनाचे काम अंगावर घेतले. भारतात या मोहिमेचा खरा भार सरकारी आरोग्य कर्मचारी, अंगणवाडीसेविका आणि आशा कार्यकर्त्या यांनी वाहिला, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. पण लसीकरणाच्या रविवारी केंद्रावर बसणे, वस्तीत फिरून मुलांना आणणे, गैरसमज असलेल्या घरांत जाऊन बोलणे, अशी कामे क्लबांच्या सभासदांनाही करता आली. त्यांना नेमके काम होते, नेमका दिवस होता आणि अंत डोळ्यांसमोर होता. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. दरवर्षी त्याच खड्ड्यात वृक्षारोपण करणाऱ्या सभासदाला जे समाधान मिळत नाही, ते लसीकरणाच्या केंद्रावर बसलेल्याला मिळाले.

कष्टाळू चिटणिसाचा दोष

मंडळे ओस पडण्याला पदलोलुप अध्यक्ष कारणीभूत असतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अध्यक्षांच्या पदग्रहण समारंभावर वर्षाच्या कामाहून अधिक खर्च करणारी मंडळे आहेतच. पण जरा खोलात गेले तर आढळते की अनेक मंडळे लोभी माणसांमुळे ओस पडत नाहीत, कष्टाळू माणसांमुळे पडतात.

प्रत्येक मंडळात दोनतीन माणसे अशी असतात की ती सगळे करतात. सभागृह ठरवणे, डॉक्टरांना बोलावणे, मंडपवाल्याशी घासाघीस करणे, पावत्या फाडणे, वर्तमानपत्राला बातमी देणे ही सारी कामे त्यांच्या अंगवळणी पडलेली असतात. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. नवा सभासद उत्साहाने पहिल्या सभेला येतो आणि काही काम सांगा म्हणतो. चिटणीस त्याला प्रेमाने सांगतात, तुम्ही फक्त वेळेवर या, बाकीचे आम्ही पाहतो. दुसऱ्या सभेत तो एक सूचना मांडतो, तेव्हा ती आधी करून पाहिल्याचे त्याला समजते. तिसऱ्या सभेत आधीच ठरलेल्या कार्यक्रमाला तो हात वर करून मान्यता देतो. चौथ्या सभेला तो येत नाही, आणि तो आला नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वर्षअखेरीस तेच चिटणीस अहवालात खेदाने लिहितात की सभासदांचे सहकार्य मिळत नाही.

या कष्टाळू माणसाची बाजूही समजून घेतली पाहिजे. नवख्याच्या हाती काम दिले तर ते उशिरा होते, चुकते, प्रसंगी फजितीही होते. स्वतः केले तर अर्ध्या वेळात होते. पण मंडळाचे काम म्हणजे केवळ शिबिर पार पडणे नव्हे. शिबिर पार पाडू शकणारी पाच नवी माणसे तयार होणे हेही तितकेच मंडळाचे काम आहे, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी पहिलीत थोडी उणीव पत्करावी लागते. ज्या चिटणिसाला हे जमत नाही, त्याच्या निवृत्तीबरोबर किंवा आजारपणाबरोबर मंडळही झोपते. मग धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात विश्वस्तांच्या बदलाचे अर्जही दाखल होत नाहीत आणि वर्षानुवर्षे मृत माणसे कागदोपत्री मंडळ चालवत राहतात.

याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नाव डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्याशी एकरूप झाले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. एका माणसाभोवती फिरणारी संघटना अशा आघाताने कोलमडून पडती. पण गावोगावच्या शाखांत चमत्कारांचे प्रयोग करून दाखवणारे, शाळाशाळांत जाणारे, नियतकालिकाचे वर्गणीदार जमवणारे, बाबाबुवांच्या तक्रारींचा पाठपुरावा करणारे कार्यकर्ते आपापले काम धरून होते. ते काम चालू राहिले. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळात संमत झाला. हत्येच्या ठिकाणी दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते पुढे कित्येक वर्षे जमत राहिले. काम वाटलेले होते म्हणून ते टिकले.

दिंडीची रीत

माणसांना बांधून ठेवण्याची विद्या शिकण्यासाठी परदेशी पुस्तकांकडेच पाहावे लागते असे नाही. आळंदीहून पंढरपूरला निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तिच्या आजच्या शिस्तीत बांधली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी. या सोहळ्यातील दिंडी ही संघटनेचा एक उत्तम नमुना आहे. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे आणि रथाच्या पुढे किंवा मागे तिची जागा ठरलेली आहे. दिंडीत वीणेकरी असतो, मृदंग वाजवणारा असतो, टाळकरी असतात, पताका घेणारे असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया असतात. पुढे जाऊन तंबू ठोकणारे नि स्वयंपाकाची तयारी करणारेही असतात. प्रत्येकाने भिशीचा आपला वाटा भरलेला असतो. त्यातला एक जण वाटेत मागे पडला तर मुक्कामावर पोहोचताच ते कळते, कारण त्याची जागा रिकामी दिसते.

त्याहूनही विचार करण्यासारखी रीत मुक्कामाच्या समाजआरतीची आहे. सारा समुदाय पालखीभोवती जमतो. चोपदाराने चोप उंच केला की सर्व टाळ एका क्षणी थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, तक्रार ऐकून घेतो आणि तिची दखल घेतल्यावाचून आरती पुढे सरकत नाही. हजारोंच्या समुदायात एका लहान दिंडीला सर्वांना थांबवण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क बजावणे उद्धटपणाचे मानले जात नाही.

वारीत श्रद्धेचे बळ आहे आणि सेवामंडळाकडे ते नाही, असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे. पण श्रद्धा माणसाला घरातून बाहेर काढते. दोनअडीच आठवडे उन्हापावसात त्याला रांगेत टिकवून धरते ती ही व्यवस्था. आज किती मंडळांत नाराज सभासदाला टाळ वाजवत राहण्याची सोय आहे? बहुतेक ठिकाणी आयत्या वेळच्या विषयांपर्यंत पोहोचता पोहोचता चहा येतो आणि सभा संपते. तक्रार मग सभेत मांडली जात नाही, ती चौकातल्या टपरीवर मांडली जाते आणि तेथून ती गळतीच्या वाटेला लागते.

दाराबाहेरचे सभासद

सभासद मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या मंडळांनी आपण कोणाला दाराबाहेर ठेवले आहे हेही पाहिले पाहिजे. रोटरीने शतकातील मोठा काळ स्त्रियांना सदस्यत्व नाकारले. सभासदांच्या घरच्या स्त्रियांनी सेवाकार्यासाठी १९२४ साली मँचेस्टरमध्ये इनर व्हील हे स्वतंत्र मंडळ काढले. कॅलिफोर्नियातील दुआर्ते या गावच्या क्लबने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, तेव्हा त्या क्लबचीच मान्यता काढून घेण्यात आली. प्रकरण न्यायालयात गेले. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निर्णय दिला आणि १९८९ साली संस्थेने जगभरासाठी आपला नियम बदलला. बारा वर्षांपूर्वी जे कृत्य शिक्षेला पात्र ठरले होते, ते आता धोरण झाले.

महाराष्ट्रातील मंडळांच्या घटनेत असा नियम सहसा आढळत नाही, पण रिवाज नियमाहून बळकट असतो. सभा रात्री नऊला ठेवली की स्त्रिया येत नाहीत. ती सकाळी अकराला ठेवली की रोजंदारीवरचा माणूस येत नाही. वर्गणी एकरकमी मागितली की छोटा दुकानदार आणि एस. टी.चा वाहक मागे सरतात. सभा एका विशिष्ट आळीतल्या एका विशिष्ट वाड्यातच भरत राहिली की गावकुसाच्या पलीकडचा तरुण पहिल्या दिवशीच समजून चुकतो. आणि जेथे स्त्रिया सभासद आहेत, तेथेही पाहुण्यांचे औक्षण, रांगोळी आणि चहापाणी यांपलीकडचे काम त्यांच्या वाट्याला किती येते, याचा हिशेब प्रत्येक कार्यकारिणीने प्रामाणिकपणे मांडावा.

राष्ट्र सेवा दलाचे उदाहरण या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. ४ जून १९४१ रोजी सेवा दलाची उभारणी झाली आणि एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख झाले. सेवा दलाने जात आणि धर्म न पाहता मुलांना आणि मुलींना एका मैदानावर आणले. खेळ, गाणी, श्रमदान, अभ्यासवर्ग आणि कलापथक अशा नाना वाटा त्याने ठेवल्या. ज्याला बौद्धिकात रस नव्हता त्याला ढोलकी होती, ज्याला गळा नव्हता त्याला कुदळ होती. माळीकाम करणारे निळू फुले आणि न्हावीकाम करणाऱ्या घरातून आलेले राम नगरकर यांच्यासारखे कलावंत या मुशीतून पुढे आले, कारण तेथे माणसाला त्याच्या पदवीवरून नव्हे तर त्याच्या अंगच्या गुणावरून काम मिळाले. सेवा दलालाही पुढे ओहोटी लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी चारपाच वर्षेही तेथे घालवली, त्यांतील अनेकांचे पुढचे सारे सार्वजनिक आयुष्य त्या वर्षांवर उभे राहिले.

सेवेतून उठणारे प्रश्न

सभासदाला काम दिले, मान दिला, त्याची तक्रार ऐकली, तरी एक अडचण उरते. तेच ते काम त्याच त्या माणसांसाठी वर्षानुवर्षे करताना विचारी सभासद थकतो. जूनमध्ये वह्यावाटप, ऑगस्टमध्ये वृक्षारोपण, ऑक्टोबरमध्ये रक्तदान आणि डिसेंबरात ब्लँकेटवाटप हे चक्र चालू राहते. पाचव्या वर्षी वह्या घेणाऱ्यांच्या रांगेत त्याच घरातले धाकटे मूल उभे दिसते आणि त्याच्या मनात प्रश्न येतो. या घराला वह्या विकत का घेता येत नाहीत? याच वस्तीतली मुले सातवीनंतर शाळेत का दिसत नाहीत? मंडळाने हा प्रश्न कार्यक्रमाच्या बाहेरचा ठरवला तर तो सभासद एक तर बधिर होतो किंवा निघून जातो. निघून जाणारा बहुधा मंडळातला सर्वांत चांगला सभासद असतो.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मदतीचे काम अनेकांनी केले. त्याच काळात डॉ. बाबा आढाव आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगावच्या पाणवठ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. पाणी कमी आहे हे तर सर्वांनाच दिसत होते. पण जे आहे त्यावरही सर्वांचा सारखा हक्क नाही, दलितांचा पाणवठा निराळा आहे, हे त्यांनी पुढे आणले आणि त्यातून ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ उभी राहिली. प्रत्येक मंडळाने चळवळ व्हावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. परंतु वह्या वाटणाऱ्याने शाळेची गळती मोजावी, रक्तदान करणाऱ्याने ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर का नाही हे विचारावे, झाडे लावणाऱ्याने मागील वर्षीच्या झाडांपैकी किती जगली याची नोंद ठेवावी, इतके तरी मंडळाला करता येते. जेथे शिकायला मिळते तेथे माणूस थांबतो.

काय करता येईल

उपाय खर्चाचे नाहीत, पण सवयी मोडायला लावणारे आहेत. नव्या सभासदाला पहिल्या महिन्यातच एक लहान, स्वतंत्र आणि मुदतीचे काम त्याच्या नावाने द्यावे. ते चुकले तर चुकू द्यावे. मंडळ मोठे असेल तर पंधरावीस जणांचे गट पाडावेत, म्हणजे न आलेला माणूस दिसतो. लागोपाठ दोन सभांना न आलेल्याच्या घरी कोणीतरी जावे. दूरध्वनी पुरत नाही, संदेश तर मुळीच नाही. जाणाऱ्याने जाब विचारायचा नाही, चौकशी करायची. घरात आजारपण असेल, नवे बाळ असेल, परीक्षा असेल, तर त्या सभासदाला सन्मानाने रजा द्यावी आणि तिची नोंद ठेवावी. रजेवरचा माणूस परत येतो; विसरला गेलेला येत नाही.

वर्षाचा कार्यक्रम कार्यकारिणीने ठरवून मंजुरीला ठेवण्याऐवजी सर्वसाधारण सभेत चर्चेने ठरवावा, मग ती चर्चा दोन बैठका चालली तरी हरकत नाही. जमाखर्च तिमाहीला वाचून दाखवावा. कोणतेही पद एका व्यक्तीकडे दोन वर्षांपेक्षा अधिक राहू नये आणि मावळत्या चिटणिसाने नव्याला सहा महिने हाताशी धरावे. सभेची वेळ आणि जागा आलटूनपालटून ठेवावी, वर्गणी हप्त्याने घ्यावी. आणि सभेच्या कामकाजात तक्रारींचा विषय शेवटी न ठेवता आरंभी ठेवावा.

असे केल्याने सगळ्या खुर्च्या भरतील असे आश्वासन कोणी देऊ नये. काही माणसे जातीलच. शिकागोच्या चौघांतलेही दोघे गेले होते. पण जाणारा गेला हे मंडळाला त्याच महिन्यात कळेल आणि राहणारा का राहिला हेही सांगता येईल. अनेक कार्यकर्ते आपापल्या गावच्या अशा मंडळांत चिटणीस आहेत, खजिनदार आहेत, निदान सभासद तरी आहेत. पुढच्या मासिक सभेला जाताना त्यांनी सभासदांची पूर्ण यादी बरोबर न्यावी, वर्षभरात न दिसलेल्या नावांवर खूण करावी आणि ती नावे सभेतच आपसात वाटून घ्यावीत. ज्याच्या वाट्याला जे नाव येईल, त्याने त्या दाराची कडी वाजवावी, आणि जाताना बरोबर एखादे काम न्यावे.